चौथ्या प्रकरणाची दिल्ली

पानिपतावर इब्राहिम लोदी पडला तो एप्रिल १५२६ मध्ये. त्यानंतर आठवडा उलटायच्या आतच बाबर दिल्ली बघत हिंडत होता. आत्मचरित्रात त्याने या भटकंतीची नोंद ठेवली आहे. आधी निजामुद्दीन औलियांच्या मजारीला प्रदक्षिणा. रात्री किल्ल्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी मेहरौलीत ख्वाजा कुत्बुद्दीन बख्तियार काकींचा दर्गा, मग बल्बन आणि अलाउद्दीन खिलजीच्या कबरी, मिनार, हौज-ए-शम्सी, हौज-ए-खास, बहलोल आणि सिकंदर लोदीच्या कबरी नि बागा. एवढं उरकून तो तळावर परतला आणि होडीत बसून मद्य प्याला.

आजच्या कुठल्याही ‘दिल्ली दर्शन’च्या पत्रकाशी ही यादी ताडून पाहा. लाल किल्ला, जामा मशीद, हुमायूनचा मकबरा तेव्हा उभे राहायचे होते. ते वगळले तर निजामुद्दीन, कुतुब, हौज खास, लोदी बाग ही नावं तीच आहेत. दिल्ली दाखवायच्या रिवाजाची कुळकथा सांगायची, तर ती इंग्रजांच्या आगगाडीपासून सुरू करून चालणार नाही. बाबराच्याही मागे जावं लागतं.

आपल्याला दिल्ली कोणी दाखवली, हे बाबर लिहीत नाही. पण त्याच्या वाटेचा क्रमच बोलका आहे. दोन्ही दिवशी सुरुवात अवलियाच्या समाधीपासून होते आणि बादशहांच्या कबरी मागून येतात. हा जियारतीचा, म्हणजे दर्ग्यांच्या यात्रेचा, क्रम. ख्वाजा कुत्बुद्दीन १२३५ मध्ये गेले, निजामुद्दीन १३२५ मध्ये. तेव्हापासून दिल्लीत येणारा माणूस आधी त्यांच्या पायाशी जाई. त्यांच्याजवळ पुरलं जावं म्हणून अमीर, शहजादे, कवी जागा धरून ठेवत. अमीर खुसरो, इतिहासकार बरनी, शहाजहानची मुलगी जहाँआरा, महंमदशहा रंगीला हे सगळे निजामुद्दीनच्या त्या आवारात किंवा आसपास आहेत. हुमायूनचा मकबराही तिथून हाकेच्या अंतरावर बांधला गेला. आपल्याकडे पंढरीच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर जसे मठ आणि फड वसत गेले, तशी दिल्लीची स्मारकं या जियारतीच्या वाटांवर गोळा झाली. वाट आधीची आहे, ‘प्रेक्षणीय स्थळ’ नंतरचं.

अशा वाटेवर सांगणारा असतोच. दर्ग्यात मुजावर, पडक्या किल्ल्यात तिथेच झोपडी बांधून राहणारा एखादा म्हातारा. त्यांच्या कथा कशा असत, हे फिरोजशहा कोटल्यावरच्या अशोकस्तंभावरून कळतं. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तोपऱ्याहून आणि मेरठहून दोन स्तंभ आणवले. त्याचा इतिहासकार शम्स सिराज अफीफ सांगतो की, लोक त्यांना भीमाच्या गुरं हाकायच्या काठ्या म्हणत. सुलतानाने वरचा लेख वाचायला ब्राह्मण बोलावले, कोणालाच वाचता आला नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला टॉम कोर्याट नावाचा इंग्रज प्रवासी पायी हिंदुस्थानात आला. त्याला तीच अक्षरं ग्रीक वाटली आणि खांब सिकंदराचा वाटला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कुठे अशोकाचं नाव पुढे आलं. तोवरच्या पाचशे वर्षांत तिथे आलेल्या प्रत्येकाने भीमाचं नाव ऐकलं असेल. मला ती कथा खोटी म्हणून टाकून द्यावीशी वाटत नाही. लेख वाचता येत नसताना लोकांनी दगड मुका राहू दिला नाही.

या बोलक्या दिल्लीचं पहिलं भरघोस शब्दचित्र लिहिलं ते दख्खनच्या माणसाने. दर्गाह कुली खान हैदराबादच्या पहिल्या निजामाबरोबर दिल्लीला गेला, नादिरशहाच्या स्वारीच्या आगेमागे तिथे राहिला आणि परतल्यावर पुढे औरंगाबादचा सुभेदार झाला. त्याच्या ‘मुरक्का-ए-देहली’त दर्गे, उरूस आणि चांदणी चौक आहेत, पण इमारतींची मोजमापं नाहीत. त्याला दिसतात ती माणसं: कव्वाल, कथेकरी, नर्तकी, चौकातले वैदू आणि भविष्यवाले. ज्याच्या बंदिशी आपल्याकडचे गवई आजही गातात, तो सदारंग, म्हणजे नियामत खान, त्याने प्रत्यक्ष ऐकला होता आणि त्याच्याविषयी लिहून ठेवलं आहे. एखाद्या गवयाचं गाणं ऐकणं हाही त्याच्या लेखी शहर बघण्याचाच भाग होता.

यानंतर १८२० च्या दशकात मिर्झा संगीन बेगने कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी फारसीत ‘सैर-उल-मनाझिल’ लिहिलं. गल्लीबोळांची, दरवाजांची, हवेल्यांची ती जंत्रीच आहे. पण जिच्यामुळे दिल्लीची फेरी आजच्या रूपाला आली, ती उडी घेतली सय्यद अहमद खान यांनी. हेच पुढे अलीगढचे सर सय्यद. त्या वेळी ते दिल्लीत मुन्सफ होते, तिशीच्या आतबाहेरचे. सुटीच्या दिवशी ते शहराबाहेरच्या पडक्या इमारतींकडे जात. बरोबर फारसीचे पंडित इमाम बख्श सहबाई असत. कुतुबमिनाराच्या वरच्या मजल्यांवरचे लेख खालून वाचता येईनात. मग त्यांनी दोन बल्ल्यांच्या मधे टोपली बांधून घेतली आणि त्या टोपलीत बसून, लेखाच्या उंचीवर लोंबकळत, अक्षरं उतरवून घेतली. त्यांचे चरित्रकार हाली लिहितात की ते वर चढले की खाली उभ्या सहबाईंच्या चेहऱ्याचा रंग उडायचा.

या खटपटीतून १८४७ मध्ये ‘आसार-उस-सनादीद’ हे उर्दू पुस्तक शिळाप्रेसवर छापून निघालं. त्यात शंभराहून अधिक चित्रं होती, मिर्झा शाहरुख बेग आणि फैज अली खान यांनी काढलेली. पुस्तकाची चार प्रकरणं. पहिलं शहराबाहेरच्या इमारतींचं, दुसरं लाल किल्ल्याचं, तिसरं शहाजहानाबादचं. चौथं प्रकरण मात्र माणसांचं आहे. त्या काळच्या दिल्लीतले सूफी, हकीम, मौलवी, कवी, सुलेखनकार, चित्रकार, गवई त्यात आहेत. बोळात राहणारा गालिब आहे, सहबाईही आहेत. मुन्सफाने वाचकाला वेशीबाहेरून आत आणलं, किल्ला दाखवला, बाजारातून फिरवलं आणि शेवटी शहरातल्या माणसांची ओळख करून दिली. पुस्तकाची मांडणी ही पायी फेरीचीच मांडणी आहे.

दिल्लीचे कलेक्टर रॉबर्ट्स यांनी या पुस्तकाची प्रत लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपर्यंत नेली. इंग्रज विद्वानांना हवी होती ती शिस्त निराळी: सनावळी, शिलालेखांचा अस्सल पाठ, आधार. १८५४ मध्ये दुसरी आवृत्ती आली ती जवळजवळ नवं पुस्तक होऊन. इमारती आता कालक्रमाने लागल्या, लेख काटेकोर उतरले, भाषेचा नखरा गेला. आणि चौथं प्रकरण गळलं. संशोधन म्हणून दुसरी आवृत्ती कितीतरी सरस आहे, आणि गार्सां द तासीने १८६१ मध्ये फ्रेंचमध्ये नेली तीही हीच. पण माझ्या मते, दिल्ली दाखवण्याची रीत दुभंगली ती या सात वर्षांत. एक फेरी वाटेवाटेने जाणारी आणि माणसांपाशी थांबणारी, दुसरी घराण्यामागून घराणं मोजत जाणारी. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत दुसरीनेच बाजी मारली.

त्याला १८५७ कारण झालं. शहर पुन्हा ताब्यात घेतल्यावर इंग्रजांनी ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांत कूचा चेलानमधले सहबाई आणि त्यांची मुलंही होती. लाल किल्ल्यातले बहुतेक महाल पाडून तिथे बराकी उठल्या. जामा मशीद १८६२ पर्यंत परत मिळाली नाही. चौथ्या प्रकरणातली माणसं मेली, परागंदा झाली. मग नवे पाहुणे आले, त्यांच्यासाठी नवी पुस्तकं आली आणि फेरीचा आरंभ बदलला. काश्मिरी दरवाजा, फ्लॅगस्टाफ टॉवर, इंग्रज सेनानी निकल्सनची कबर, ‘रिज’ या टेकडीवर १८६३ मध्ये उभारलेलं बंडाचं स्मारक असा इंग्रजांच्या जियारतीचा क्रम ठरला.

या रिजवर ‘हिंदूरावाची हवेली’ हे इंग्रजांचं मोक्याचं ठाणं होतं, म्हणून प्रत्येक मार्गदर्शक पुस्तकात ते नाव येतं. हिंदूराव कोण, हे मात्र क्वचितच सापडतं. ते कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. उत्तरायुष्यात दिल्लीत येऊन राहिले आणि बंडाआधी दोनच वर्षं वारले. आज त्या नावाचं मोठं रुग्णालय आहे. दिल्लीकर ते नाव रोज घेतात, पण त्यामागचा मराठी माणूस फेरीतून गळला तो गळलाच. दिवाण-ए-खासमध्ये निदान सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये छताची चांदी काढून नाणी पाडल्याचं सांगितलं जातं. लढाई आणि लूट कालक्रमात बसते, परगावी येऊन राहिलेला माणूस त्यात बसत नाही.

१८६७ मध्ये आगगाडी दिल्लीत आली, तीही सलीमगड आणि लाल किल्ल्यामधून वाट काढत. मुक्काम एक-दोन दिवसांवर आला. टांग्यातून सकाळी किल्ला नि मशीद, दुपारनंतर कुतुब असा नेम पडला. १९०६ मध्ये गॉर्डन हर्न यांचं ‘द सेव्हन सिटीज ऑफ दिल्ली’ आलं आणि ‘दिल्लीची सात शहरं’ हा आकडा रूढ झाला. किल्ला राय पिथोरा, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह, फिरोजाबाद, पुराना किल्ला, शहाजहानाबाद. कैकुबादची किलोखरी, सय्यद घराण्याचं मुबारकाबाद या गणतीत येत नाहीत. आकडा सुटसुटीत, पाठ करायला सोपा. म्हणूनच गाईडच्या तोंडी तो टिकला.

१९११ मध्ये दिल्ली राजधानी ठरली, तेव्हा माणसं पुस्तकातूनच नव्हे, जागेवरूनही हलवली गेली. पुराना किल्ल्याच्या तटाच्या आत इंद्रपत नावाचं गाव नांदत होतं, ते उठवलं. लोदींच्या कबरींभोवतीच्या खैरपूरकरांना उठवून १९३६ मध्ये लेडी विलिंग्डन पार्क झालं, तीच आजची लोदी बाग. कबरी सुरक्षित झाल्या, हिरवळ आली, पण ‘हा घुमट कोणाचा?’ असं विचारलं तर सांगणारा आसपास कोणी उरला नाही. १९४७ मध्ये पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा पुन्हा माणसांनी भरले. ते फाळणीचे निर्वासित होते. हा इतिहास तिथल्या फेरीत सांगायला आपल्याला फार वर्षं लागली.

स्वातंत्र्यानंतर बस आली. एका दिवसात कुतुब, लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट. महाराष्ट्रातून गेलेल्या हजारो सहलींनी दिल्ली पाहिली ती अशीच. बसला मी दोष देणार नाही. कमी पैशांत, लहान मुलं-म्हातारी माणसं बरोबर घेऊन राजधानी पाहायची दुसरी सोय नव्हती. चांगली पुस्तकंही याच काळात आली. सेंट स्टीफन्समध्ये शिकवणाऱ्या पर्सिव्हल स्पिअर यांनी शाळकरी मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक १९४३ चं, पुरातत्त्व खात्यासाठी वाय. डी. शर्मांनी लिहिलेलं ‘दिल्ली अँड इट्स नेबरहूड’ १९६४ चं. पण बस थांबते तिथेच माणूस उतरतो, आणि जिथे बस जात नाही ती दिल्ली त्याच्यासाठी नसतेच.

पायी फेरी परतली ती १९८० च्या दशकात. वस्त्या वाढत होत्या, पाटी नसलेले घुमट रातोरात गोठे किंवा गोदामं होत होते. ते वाचवायचे तर आधी दिल्लीकरांनी ते पाहायला हवेत, हे इतिहासाच्या काही शिक्षकांना आणि वास्तुविशारदांना उमगलं. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्टॅक’ या वारसा-जतन संस्थेच्या दिल्ली शाखेने पुढे शहरातल्या बाराशेहून अधिक वास्तूंची यादी १९९९ मध्ये छापली. यादी करता करता जे हिंडणं झालं, त्यातूनच लोकांना बरोबर नेण्याची सवय लागली. आधी हौशी मंडळी, मग परवानाधारक गाईड, मग या कामावर पोट चालवणारी तरुण पिढी. रविवारी सकाळी मेहरौलीच्या जंगलातल्या बावड्यांशी पंधरावीस जणांचे घोळके दिसू लागले.

हा पंधरावीसचा आकडा कुठल्या नियमातून आलेला नाही, तो गल्लीने ठरवला आहे. शहाजहानाबादच्या कूच्यांमध्ये हातगाडी, सायकलरिक्षा आणि हमाल यांच्यामधून त्याहून मोठा घोळका जात नाही. गेलाच तर मागच्याला ऐकू जात नाही आणि दुकानदारांची वाट अडते. घोळका लहान असला की आणखी एक गोष्ट घडते: दुकानदारच बोलू लागतो. निजामुद्दीन बस्तीत तर तिथलीच मुलं-मुली शिकून तयार झाली आहेत आणि पाहुण्यांना बावडीवरून, कबरींमधून, आपल्या घरांवरून दर्ग्यापर्यंत नेतात. खुसरोची कव्वाली कोणत्या दिवशी ऐकायची आणि उरुसाला अन्न कुठे शिजतं, हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून पाठ करावं लागलेलं नाही.

आणि बल्लीमारानच्या गल्ली कासिम जानमध्ये चष्म्यांच्या दुकानांपुढून वळलं की गालिबची हवेली लागते. १८६९ मध्ये तो इथेच वारला. पुढे कितीतरी वर्षं या जागेत दुकानं नि वखारी चालल्या. २००० च्या सुमारास दिल्ली सरकारने तिचा काही भाग मोकळा करून स्मारक केला. आज जुन्या दिल्लीची जवळजवळ प्रत्येक पायी फेरी इथे येते. इमारत म्हणून पाहण्यासारखं फार नाही: एक कमान, विटांच्या भिंती, लहानसं आवार. १८५४ च्या आवृत्तीच्या कसोटीवर ती उतरलीच नसती. लोक इथे येतात ते चौथ्या प्रकरणातल्या माणसाला भेटायला.