ध्रुवतारा दिसत नसेल तर? ड्रिफ्ट पद्धतीने पोलर अलाइनमेंट

इक्वेटोरिअल माउंटचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवणे म्हणजे पोलर अलाइनमेंट. ते चुकलं, तर मोटर चालू असूनही तारा सरकतो आणि काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ताऱ्यांऐवजी रेघा उमटतात.

नेहमीचा आधार ध्रुवताऱ्याचा. पण पुण्यात तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. समोर इमारत किंवा डोंगर आला की संपलं. शिवाय खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून जास्त लांब आहे. ड्रिफ्ट पद्धतीत तो लागतच नाही.

तयारी
ट्रायपॉड लेव्हल करा. अक्ष होकायंत्राने उत्तरेकडे वळवा आणि त्याची उंची आपल्या अक्षांशाएवढी ठेवा. क्रॉसहेअर आयपीस लावून मोटर चालू करा. नळी किंचित उत्तरेकडे ढकला. आयपीसमध्ये तारा जिकडे जाईल ती दक्षिण.

पायरी १: डावं-उजवं
खगोलीय विषुववृत्ताजवळचा, दक्षिणेला सर्वांत उंच आलेला तारा क्रॉसहेअरवर आणा. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी आधी उगवणारा मिंटाका उत्तम. जानेवारीच्या मध्यात तो रात्री साडेदहाच्या सुमारास या जागी असतो.

- तारा दक्षिणेकडे सरकला: अक्ष पूर्वेकडे झुकलाय, पश्चिमेकडे वळवा.
- उत्तरेकडे सरकला: अक्ष पूर्वेकडे वळवा.

पायरी २: वर-खाली
आता पूर्व क्षितिजापासून साधारण २० अंश वर असलेला, विषुववृत्ताजवळचाच तारा घ्या.

- दक्षिणेकडे सरकला: अक्ष खाली आहे, वर उचला.
- उत्तरेकडे सरकला: अक्ष खाली आणा.

पूर्वेला अडथळा असेल तर पश्चिमेचा तारा चालतो, फक्त पायरी २ चे नियम उलटे होतात. हे सगळे नियम उत्तर गोलार्धासाठी आहेत.

किती चूक आहे?
अक्षाची चूक १ कला असेल, तर ४ मिनिटांत तारा जास्तीत जास्त सुमारे १ विकला सरकतो. म्हणजे ४ मिनिटांत १५ विकला सरकला, तर चूक साधारण पाव अंश. चूक जितकी कमी, तितका वेळ जास्त बघावं लागतं.

लक्षात ठेवा
पूर्व-पश्चिम हालचालीकडे दुर्लक्ष करा. ती बहुतेक वेळा गिअरमुळे होते. बोल्ट फिरवल्यावर तारा पुन्हा मध्यावर आणा. एक पायरी सुधारली की दुसरी थोडी बिघडू शकते, म्हणून दोन्ही पुन्हा तपासा. तुमच्या एक्स्पोजरएवढा वेळ तारा उत्तर-दक्षिण हलला नाही, की काम झालं.