तारेचे भाडे आणि शब्दाचे मोल

२८ ऑगस्ट १९२२ रोजी संध्याकाळी न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूईएएफ’ या नभोवाणी केंद्रावरून एका घरबांधणी कंपनीच्या माणसाने सुमारे दहा मिनिटे भाषण केले. शहराच्या कोंदट गर्दीतून बाहेर पडा आणि जॅक्सन हाइट्सच्या मोकळ्या हवेत राहायला या, असा त्याचा आशय होता. त्यासाठी कंपनीने ५० डॉलर मोजले. नभोवाणीवरची पैसे घेऊन केलेली ही पहिली जाहिरात मानली जाते. गंमत अशी, की हे केंद्र कोणा वृत्तपत्राचे किंवा नाटक कंपनीचे नव्हते. ते ‘अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ’, म्हणजे ‘एटी अँड टी’ या टेलिफोन कंपनीचे होते.

टेलिफोन कंपनी या धंद्यात कशी शिरली? त्यासाठी तिच्या कमाईची रीत समजून घ्यायला हवी.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मार्च १८७६ मध्ये मिळाले. त्यांचे भागीदार आणि पुढे सासरे झालेले गार्डिनर हबर्ड हे वकील होते. बूट शिवण्याची यंत्रे न विकता भाड्याने देणाऱ्या एका कारखानदाराचे काम त्यांनी पाहिले होते. तोच धडा त्यांनी इथे गिरवला : टेलिफोन विकायचा नाही, भाड्याने द्यायचा. विकलेल्या वस्तूचे पैसे एकदाच येतात. भाडे मात्र येतच राहते.

या धंद्याचे गणितही वेगळे आहे. १० ग्राहकांच्या जाळ्यात दोघादोघांच्या ४५ जोड्या होतात, १०० ग्राहकांच्या जाळ्यात ४९५०. म्हणजे ग्राहक दसपट झाले, तर जोड्या शंभरपटीहून अधिक! साहजिकच नवा ग्राहक मोठ्या जाळ्याकडेच ओढला जातो. शिवाय खांब, तारा आणि एक्स्चेंज यांचा मोठा खर्च आधीच करावा लागतो. त्यानंतरच्या प्रत्येक संभाषणाचा खर्च अगदी थोडा असतो. म्हणूनच या धंद्यात मक्तेदारीकडे कल असतो.

भाड्याला जोड होती दूरच्या संभाषणावरील आकाराची. १९१५ साली निर्वात नळ्यांच्या वर्धकांमुळे न्यूयॉर्क ते सॅनफ्रान्सिस्को बोलणे शक्य झाले. पहिल्या तीन मिनिटांना २० डॉलर ७० सेंट पडत. हेच वर्धक नभोवाणीच्या प्रक्षेपकातही उपयोगी पडणारे होते. तेव्हा कंपनीने विचार केला, की नभोवाणी म्हणजे तरी काय? एकाऐवजी सर्वांशी बोलण्याचा टेलिफोनच! आपण फक्त खोली आणि यंत्रे पुरवायची. ज्याला बोलायचे असेल त्याने पैसे भरून बोलावे. १९९० च्या दशकात आपल्याकडे गावोगावी दिसणाऱ्या पीसीओसारखीच ही कल्पना. फरक इतकाच, की तारेच्या दुसऱ्या टोकाला सारे शहर ऐकत होते.

पण एक अडचण आली. टेलिफोनवर पलीकडचा माणूस बोलावल्यावर येतो. नभोवाणीचा श्रोता मात्र ऐकण्याजोगे काही असेल तरच थांबतो. पैसे भरणारे गिऱ्हाईक सुरुवातीला थोडेच होते. तेव्हा श्रोते टिकवण्यासाठी गाणी आणि कार्यक्रम कंपनीलाच पुरवावे लागले. तारेच्या मालकाला करमणुकीचा धंदा शिकणे भाग पडले.

कंपनीचे खरे बळ होते तिच्या तारांमध्ये. १९२३ च्या जानेवारीत तिने न्यूयॉर्कचा कार्यक्रम टेलिफोनच्या तारेने बोस्टनला नेऊन दोन्ही केंद्रांवरून एकाच वेळी प्रसारित केला. प्रतिस्पर्धी ‘आरसीए’ कंपनीच्या केंद्राला मात्र तिने आपल्या तारा नाकारल्या. त्या केंद्राला तारायंत्राच्या तारांवर भागवावे लागले. त्या टिंब-रेघांसाठी बनवलेल्या होत्या. त्यांतून येणारा आवाज खराब येई. वाट आपली आणि गाडीही आपली, असे झाले की दुसऱ्याची गाडी अडवण्याचा मोह कसा होतो, याचे हे बोलके उदाहरण.

भांडण १९२६ साली मिटले. ‘एटी अँड टी’ने आपले केंद्र १० लाख डॉलरना ‘आरसीए’ला विकले, त्याच वर्षी ‘एनबीसी’ हे प्रसारण जाळे सुरू झाले. टेलिफोन कंपनी कार्यक्रमांतून बाहेर पडली. पण कार्यक्रम वाहून नेणाऱ्या तारांचे भाडे तिच्याकडेच राहिले. सप्टेंबर १९५१ मध्ये अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण सुरू झाले, तेही तिच्याच सूक्ष्मलहरी मनोऱ्यांवरून. कार्यक्रम कोसळो वा गाजो, वाहणावळ ठरलेली!

मक्तेदारीविरुद्धच्या खटल्यानंतर १ जानेवारी १९८४ रोजी या कंपनीची स्थानिक सेवा सात कंपन्यांत विभागली गेली. त्यांच्यापैकीच एकीने २००५ साली मूळ कंपनी विकत घेऊन तिचे नाव धारण केले. या नव्या ‘एटी अँड टी’ला पुन्हा जुना मोह झाला. २०१८ साली तिने सुमारे ८५ अब्ज डॉलरना ‘टाइम वॉर्नर’ घेतली. चित्रपट, बातम्या, मालिका आणि त्या पाहण्याचा मोबाइल, सारे एका छताखाली आले. सरकारने हा व्यवहार थांबवण्यासाठी केलेला दावा न्यायालयाने फेटाळला होता. पण जाळे वाढवायला भांडवल लागते आणि चित्रपट काढायलाही. कर्जाचा भार मोठा झाला. चार वर्षांतच, एप्रिल २०२२ मध्ये, कंपनीने हा विभाग वेगळा केला आणि ती पुन्हा मुख्यतः मोबाइल आणि प्रकाशतंतूंच्या मासिक आकाराकडे वळली.

शंभर वर्षांत दोनदा हीच वाट चालून कंपनी परतली. पण प्रश्न तिच्या नफ्यापुरता नाही. तारेचा मालक स्वतःच बोलू लागला, तर इतरांच्या बोलण्याला समान दराने वाट मिळेल का? भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, ती याच प्रश्नातून. वर्गात मोबाइलच्या दरपत्रकाचा एक नमुना घ्यावा. त्यातले कोणते पैसे वाटेचे आणि कोणते मजकुराचे, हे विद्यार्थ्यांना वेगळे करायला सांगावे. जिथे ते वेगळे करता येणार नाहीत, तिथे चर्चा सुरू करावी.