उद्यानाच्या दारातली बंदूक

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे काम पुरे होण्याच्या कितीतरी आधी, १८५८ मध्ये, त्याच्या आयुक्तांनी तिथली नियमावली ठरवून टाकली. आत बंदूक बाळगायची नाही आणि दगडही भिरकवायचा नाही, या दोन्ही मनाया एकाच कलमात होत्या. फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कसाठी १८६८ मध्ये कायदा झाला, त्यात पाखरांचाही विचार होता. उद्यानात आणि त्याच्या हद्दीपासून पन्नास यार्डांच्या आत बंदूक नेण्याला व पक्ष्यांवर गोळी झाडण्याला बंदी होती. गजबजलेल्या शहरातल्या माणसांना निवांत फिरता यावे म्हणून केलेल्या जागांचे हे नियम होते.

रानातली गोष्ट वेगळी होती. १८७२ मध्ये यलोस्टोन हे अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा प्राण्यांचा निष्कारण संहार आणि विक्रीसाठी होणारी शिकार थांबवावी एवढेच कायद्याने सांगितले होते. चुलीपुरती शिकार चालत असे. १८८३ च्या जानेवारीत बहुतेक प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली, पण ती मोडणाऱ्याला शिक्षा करण्याचे कलमच नव्हते. १८८६ मध्ये कॅप्टन मोझेस हॅरिस यांच्या हाताखाली घोडदळाची तुकडी उद्यानात आली. सैनिक चोरट्या शिकाऱ्याला पकडत, त्याचे सामान जप्त करत आणि त्याला हद्दीबाहेर नेऊन सोडत. त्यापुढे त्यांचे हात बांधलेले होते.

१८९४ च्या मार्चमध्ये, खोल बर्फात, फेलिक्स बर्जेस या लष्करी स्काउटने पेलिकन खोऱ्यात एडगर हॉवेलला मारलेल्या बायसनची, म्हणजे अमेरिकी रानगव्यांची, कातडी काढत असताना पकडले. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकाचा बातमीदार तेव्हा उद्यानातच होता, आणि संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल बरीच वर्षे यलोस्टोनसाठी लढत होते. बातमी देशभर गेली. आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांनी मांडलेले विधेयक ७ मे १८९४ रोजी कायदा झाले. आता हजार डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिकारीत वापरलेल्या बंदुका, सापळे व घोडे यांची जप्ती, अशी शिक्षा होती. तरीही तो कायदा बायसनना उशिराच मिळाला. १९०२ मध्ये उद्यानातल्या रानटी कळपात जेमतेम दोन डझन जनावरे उरली होती.

लेसी कायद्याच्या आधारावर १८९७ मध्ये आलेला यलोस्टोनचा नियम या साऱ्या इतिहासातला सर्वांत समंजस नियम म्हणावा लागेल. अधीक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक आत न्यायची नाही. पहिल्या चौकीवर बंदूक, सापळा, जाळे, स्फोटके जे काही असेल ते सार्जंटच्या ताब्यात द्यायचे, पावती घ्यायची आणि परतताना पावती दाखवून वस्तू परत न्यायची. कोणाची मालकी हिरावली जात नव्हती आणि प्राण्यांवरचा धोका दारातच थांबत होता. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३१ वे कलम याच जातीचे आहे: मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या पूर्वलेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही.

राष्ट्रीय उद्यान सेवा १९१६ मध्ये स्थापन झाली आणि १९३६ मध्ये तिने बंदूकबंदी साऱ्या उद्यानांना लागू केली. १९८३ मध्ये रेगन सरकारच्या काळात नियम थोडा सैलावला. गोळ्या काढलेली, खोळीत घातलेली आणि चटकन हाती न येणारी बंदूक गाडीतून नेता येऊ लागली. या नियमाचा वनरक्षकाला मोठा उपयोग होता. रात्री रस्त्याकडेला भरलेली रायफल दिसली की, गोळी सुटण्याआधीच त्याला हटकता येत असे.

वादाचा रोख पुढे प्राण्यांवरून माणसांकडे वळला. स्वसंरक्षणाचा हक्क उद्यानाच्या फाटकावर का संपावा, असे अनेक सिनेटर विचारू लागले. २००८ मध्ये उद्यान सेवेच्या सात माजी संचालकांनी जुना नियम बदलू नका असे लेखी कळवले. तरी त्या वर्षअखेर बुश सरकारने परवानाधारकाला झाकून शस्त्र नेण्याची मुभा दिली. पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यासच केला नाही, म्हणून मार्च २००९ मध्ये संघीय न्यायाधीश कॉलीन कोलर-कोटेली यांनी ती मुभा स्थगित केली. दोनच महिन्यांत ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी हीच तरतूद, अधिक व्यापक करून, क्रेडिट कार्डांविषयीच्या विधेयकाला जोडली. सिनेटमध्ये ती ६७ विरुद्ध २९ मतांनी संमत झाली, ओबामांनी २२ मे रोजी सही केली आणि २२ फेब्रुवारी २०१० पासून ती अमलात आली. शतकभर घडलेला नियम क्रेडिट कार्डांच्या कायद्यातून मोडला जावा, ही त्या नियमाच्या इतिहासाशी केलेली प्रतारणाच होती.

तेव्हापासून उद्यान ज्या राज्यात असेल, त्या राज्याचा शस्त्रकायदा तिथे चालतो. यलोस्टोनची जमीन वायोमिंग, माँटाना आणि आयडाहो अशा तीन राज्यांत पसरली आहे, त्यामुळे एकाच उद्यानात तीन कायदे लागू होतात. माहिती केंद्रासारख्या संघीय इमारतींत मात्र शस्त्र चालत नाही, आणि शिकारीला मोकळीक असलेल्या जागा सोडल्या तर बंदूक झाडणे आजही गुन्हा आहे. कायदा लागू होऊन तीन महिनेच झाले होते, तोच अलास्कातल्या डेनालीच्या राखीव रानात, जिथे आधी बंदूक नेताच येत नव्हती, एका पदयात्रीने पिस्तुलाने ग्रिझली अस्वल मारले.

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात ठरवले की, शस्त्रावरचे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजेत. त्यामुळे सेंट्रल पार्क आणि फेअरमाउंट पार्कच्या जुन्या नियमावल्या दफ्तरातून पुन्हा बाहेर निघाल्या आणि आता त्या न्यायालयांत पुरावा म्हणून मांडल्या जातात. न्यूयॉर्कच्या शहरी उद्यानांतली बंदूकबंदी डिसेंबर २०२३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्यांच्याच आधारे कायम ठेवली.