चार कोरी पाने : ‘ट्वायलाइट’ मालिकेचे प्रौढ पुनर्वाचन

स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतील चार कादंबऱ्या २००५ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाल्या. त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचा असलेला वाचक आज पस्तिशीच्या आसपास आहे. एडवर्ड १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणपंथाला लागला तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो आजही सतराच वर्षांचा आहे. पोलिडोरीच्या १८१९मधील कथेपासून स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’पर्यंत (१८९७) व्हॅम्पायर हा बाहेरून येणारा उमराव होता. मेयर यांनी त्याला वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या पावसाळी गावात, शाळेच्या बाकावर आणून बसविले.

पुनर्वाचनाचा प्रचलित वृत्तान्त साधारणतः असा : पूर्वी जे प्रेम वाटले ते आता पाळत वाटते. बेलाच्या नकळत तिच्या खोलीत शिरून एडवर्ड तिला झोपलेली पाहत राहतो. तिसऱ्या कादंबरीत तर तिने जेकबकडे जाऊ नये म्हणून तिची गाडीच बंद पाडतो. हे वाचन चुकीचे नव्हे. तथापि स्त्रीवादी समीक्षेने हा आक्षेप मालिका ताजी असतानाच घेतला होता. त्यासाठी वय वाढण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. शिवाय या वृत्तान्तात पूर्वीची वाचक भाबडी ठरते, आणि प्रौढ वाचक स्वतःवर जरा अधिकच खूश होते. लेखिकेने २०२०मध्ये ‘मिडनाइट सन’मधून पहिलीच कथा एडवर्डच्या मुखाने पुन्हा सांगितली, तेव्हा या पाळतीला सविस्तर कारणे तेवढी मिळाली.

वयाने खरोखर जे दिसू लागते ते निराळे आहे. ‘न्यू मून’मध्ये (२००६) एडवर्ड बेलाला सोडून जातो. त्यानंतर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी महिन्यांची केवळ नावे असलेली पाने येतात. बाकी मजकूर नाही. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील ज्या रिक्त जागांचा विचार केला, त्या येथे अक्षरशः छापलेल्या आहेत. तरुण वाचकाने त्या स्वतःच्या विरहाने भरून काढल्या, आणि निवेदन बेलाचे असल्यामुळे ते सर्वस्वी योग्यच होते. पुढे कधीतरी त्याच पानांवर थांबले असता प्रश्न पडतो : या चार महिन्यांत त्या घरात चार्ली काय करीत होता?

चार्ली हा बेलाचा बाप, गावचा पोलीसप्रमुख. कमी बोलणारा, मासेमारीची आवड असलेला. प्रथमवाचनात तो प्रायः चुकवावयाचा अडथळा असतो. पण हा प्रश्न प्रौढ वाचकाने बाहेरून लादलेला नाही, ही गोष्ट महत्त्वाची. त्याचे उत्तर त्याच कादंबरीत आहे. ॲलिस परत येते तेव्हा चार्ली स्वयंपाकघरात तिला त्या महिन्यांविषयी सांगतो, आणि बेला झोपेचे सोंग घेऊन ते ऐकते. कोऱ्या पानांचा मजकूर अशा रीतीने उशिरा आणि चोरून कानी पडतो. मेयर यांची गद्यशैली एरवी सैल आणि विशेषणांनी जड असली तरी ही योजना नेमकी आहे. मग ती पूर्वी का जाणवली नाही? कारण ॲलिस परतली आहे. एडवर्डची वार्ता येईल या उत्कंठेत वाचकही बेलासारखाच अर्धे ऐकत असतो. पहिले वाचन येथे चुकलेले नाही. संहितेने नेमून दिलेल्या जागी ते बसलेले आहे.

‘ब्रेकिंग डॉन’चा (२००८) सुखान्त मात्र या वाचनानंतर पूर्वीसारखा राहत नाही. बेला व्हॅम्पायर झाली आहे. तिला भेटत राहावयाचे तर आपणास आवश्यक तेवढेच सांगितले जावे, अशी व्यवस्था चार्ली स्वतःच मान्य करतो. लेकीचे डोळे, त्वचा, आवाज बदललेले त्याला दिसतात. तो विचारीत नाही, आणि नातीला मांडीवर घेतो.