टायबरच्या खोऱ्यातला यशवंत

कसबा पेठेत राहणाऱ्या माणसाला इतिहास शोधायला लांब जावं लागत नाही. लाल महाल दाराशी, कसबा गणपती शेजारी आणि शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. पण आज मी ज्या मुलाविषयी बोलणार आहे, तो या पेठेतला नाही. तो माणगाव तालुक्यातला, आणि त्याला मरण आलं इटलीत. तरीही त्याची आठवण मला होते ती फरासखान्यावरून जाताना.

त्याचं कारण सांगतो. २४ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या कॅम्पातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात बॉम्बस्फोट झाला आणि त्यात ब्रिटिश सैनिक ठार झाले. बेचाळीसच्या चळवळीतलं हे गाजलेलं प्रकरण. त्यात पकडलेल्या भास्कर कर्णिक यांनी फरासखाना पोलीस चौकीत विष घेऊन प्राण दिला. तपासात आपल्या तोंडून साथीदारांची नावं निघू नयेत, म्हणून. कर्णिक नोकरीला होते देहूच्या दारूगोळा कोठारात, म्हणजे सरकारच्याच चाकरीत.

त्यानंतर दीड वर्षानं, १० जुलै १९४४ रोजी, त्याच सरकारच्या गणवेशात यशवंत घाडगे इटलीत पडला. दोघंही मराठी, दोघंही तरुण. एकानं सरकारविरुद्ध जीव दिला, दुसऱ्यानं सरकारच्या फौजेत. पुण्यानं पहिल्याला हुतात्मा म्हटलं, ते योग्यच झालं. दुसऱ्याला काय म्हणायचं, हे मात्र आपण फारसं कधी ठरवलंच नाही.

यशवंतचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१चा, पळसगाव-आंद्रेवाडीचा. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. मृत्यूसमयी वय अवघं बावीस, म्हणून मी एकेरीत बोलतो आहे. या भागातली शेती डोंगरउताराची. पीक भाताचं आणि नाचणीचं. पावसाळा सरला की हाताला काम नाही. मग घरातला एक जण मुंबईला गिरणीत जायचा, दुसरा पलटणीत. मनिऑर्डर आली की घर चालायचं. शेजारच्या महाड तालुक्यातल्या आंबवडे गावातून पहिल्या महायुद्धात १११ जण फौजेत गेले, त्यातले ६ परतले नाहीत. त्या गावाला आजही फौजी आंबवडे म्हणतात.

यशवंत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होता. हीच बटालियन मार्च १९४१मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर लढली होती. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रेजिमेंटची युद्धघोषणा केरेनच्या लढाईपासून रूढ झाली, असं सांगितलं जातं. ज्यांचं बालपण आमच्या लाल महालात गेलं, त्यांचं नाव आफ्रिकेच्या कड्यावर घुमलं. घोषणा महाराजांची आणि हुकूम इंग्रजांचा. शिपायाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागत होत्या.

केरेनला या बटालियनचे प्रमुख होते डेनिस रीड. पुढे ते शत्रूच्या हाती सापडले, इटलीतल्या कैदेतून निसटले आणि १९४४ साली दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती झाले. यशवंतची पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. आणि याच डिव्हिजनमध्ये डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचीही एक बटालियन होती. डरहॅम हा इंग्लंडमधला कोळशाच्या खाणींचा जिल्हा. बाप खाणीत, आजा खाणीत, अशा घरांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या या रेजिमेंटमध्ये भरती होत आलेली. इंग्लंडात सक्तीची भरती होती, आपल्याकडे कायद्यानं नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक स्वखुशीनं भरती झाले, असं आपण अभिमानानं सांगतो. ते खरं आहे. पण ज्याच्या घरी सहा महिनेच पुरेल एवढं धान्य पिकतं, त्याची खुशी किती आणि गरज किती, हेही विचारायला हवं.

आता त्या दिवसाकडे येतो. उत्तर टायबरच्या खोऱ्यात यशवंतच्या कंपनीनं शत्रूच्या मजबूत ठाण्यावर चाल केली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. यशवंतच्या हाताखालच्या सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. उभा राहिला तो एकटा. मागून कुणी येणार नाही हे माहीत असूनही तो धावला. हातबॉम्ब फेकून त्यानं मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या, नवं मॅगझिन चढवायला उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून त्यानं उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. त्याच वेळी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्यानं प्राण सोडला.

२ नोव्हेंबर १९४४च्या लंडन गॅझेटमध्ये त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. घरी पदक आलं, मुलगा आला नाही. त्याची कबर वा समाधीही कुठे नाही. ज्यांच्या अंत्यस्थानाचा पत्ता लागला नाही, अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत. त्यातलं एक त्याचं. याच रेजिमेंटचे नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५मध्ये इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते परतले आणि १९८४ साली पुण्यात वारले. एकाच पदकाचे दोन मानकरी. एकाला चाळीस वर्षं मिळाली, दुसऱ्याला एक दिवसही नाही.

इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. स्वातंत्र्यानंतर त्यांची आठवण अवघडल्यासारखी झाली. ही माणसं इंग्रजांसाठी लढली, असं म्हणून आपण मोकळे झालो. माणगावानं मात्र यशवंतचा पुतळा उभारला. आणि जुलै २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावानं त्याच्या नावानं एक सूर्यघड्याळ बसवलं. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या मुलखात त्याला कुणी ओळखत नव्हतं, तिथल्या लोकांना त्याची आठवण ठेवावीशी वाटली. फॅसिस्ट आणि नाझी सत्तेपासून आपली सुटका करायला कोण कुठून आलं होतं, हे ते विसरले नाहीत.

माझं मत विचाराल तर, कर्णिक आणि घाडगे यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालू नये. एकाला आपला शत्रू कोण हे स्वतः ठरवता आलं. दुसऱ्यासाठी ते दुसऱ्यांनीच ठरवलं होतं, तरी आपल्या माणसांना पाठ दाखवायची नाही एवढं त्यानं स्वतः ठरवलं. पुणेकरांनी फरासखान्यापुढे मान झुकवावी आणि मुंबई-गोवा रस्त्यानं कोकणात उतरताना माणगावात दोन मिनिटं गाडी थांबवावी. तिथून आंद्रेवाडीचे डोंगर लांब नाहीत. पावसाळ्यात ते हिरवे दिसतात. ते उन्हाळ्यात पाहावेत, म्हणजे मुलं पलटणीत का जात होती ते न सांगता कळतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)