चिंचोक्यांचे दान

आज मुंबई उपनगर म्हणून ओळखला जाणारा अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड हा पट्टा जुन्या साष्टी बेटाचा भाग असून, येथील फाशांच्या खेळाची एक प्राचीन साक्ष जोगेश्वरीच्या सहाव्या शतकातील शैव लेण्यात, शिव-पार्वतींच्या अक्षक्रीडेच्या, म्हणजे फासे टाकून मांडलेल्या डावाच्या, झिजलेल्या शिल्पात मिळते. हाच प्रसंग वेरूळलाही कोरलेला आहे, आणि म्हाळसेकडून सारीपाटात हरलेला खंडोबा बाणाईच्या गावी जातो, ही लोककथा महाराष्ट्रभर गायली जाते.

सारीपाटाला कापडी पट आणि चौकोनी लांबट फासे लागत. त्याच्या तीन फाशांवर एक आणि दोनदा सहा असे दान पडले की ‘पोबारा’ म्हणत, आणि पळून जाण्याच्या अर्थाने तो शब्द मराठीत अजून टिकून आहे. सामान्य घरात मात्र विकतचे काहीच न लागणारा चल्लस-आठ खेळला जाई, ज्याला काही घरी चंफुल म्हणतात. चिंचोका फोडून त्याची दोन दळे केली की एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी मिळते. अशी चार दळे, किंवा चार कवड्या, हाच फासा. फरशीवर खडूने पाच बाय पाच अशी पंचवीस घरे आखून चारही बाजूंच्या मधल्या आणि केंद्रातल्या घरावर फुली मारतात, व फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. जितक्या पांढऱ्या बाजू वर येतील तितके दान, आणि चारही काळ्या आल्या तर आठ. चार किंवा आठ पडल्यास पुन्हा टाकायला मिळते. सोंगट्या बाहेरची सोळा घरे एका दिशेने फिरतात, नंतर आतली आठ घरे उलट दिशेने फिरून केंद्रात पोचतात. प्रतिस्पर्ध्याची एखादी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही, असाही नियम अनेक घरी पाळतात.

दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असे धरले, तर शक्य अशा सोळा प्रकारांपैकी सहांत दोन पडतात, चार आणि आठ मात्र प्रत्येकी एकाच प्रकारात. म्हणजे सर्वांत दुर्मिळ दानांनाच जादा खेळीचा मान दिलेला आहे, आणि कागदावर गणित न मांडता ही संगती साधणारी रचना खरोखर आदरास पात्र आहे. इंग्लंडमध्ये 1896 साली पेटंट झालेल्या ल्यूडोच्या सहा बाजूंच्या फाशात प्रत्येक आकडा सारखाच संभवतो, त्यामुळे दुर्मिळ दानाची ही उत्कंठा तेथे उरत नाही.

या खेळाचे नियम घरोघरी थोडे बदलतात आणि ते प्रामुख्याने तोंडीच चालत आले आहेत. म्हणून ज्यांच्या घरी आजी किंवा मामी हा पट अजून आखून देऊ शकतात, त्यांनी त्यांच्या तोंडचे शब्द आणि नियम आजच लिहून ठेवावेत.