रांजणाच्या पाण्यावर चाललेला संगणक

आमच्याकडे, म्हणजे भंडाऱ्याला, उन्हाळ्यात कूलर म्हणजे काय चीज असते ते पुण्या-मुंबईच्या मंडळींना दरवेळी समजावून सांगावं लागतं. पत्र्याचा चौकोनी डबा, तीन बाजूंना वाळा नाहीतर वुडवूल भरलेल्या जाळ्या, तळाशी पाणी, ते वर चढवून जाळ्यांवर सोडणारा छोटा पंप, आणि समोर विमानासारखा आवाज करणारा पंखा. हा डबा खिडकीच्या बाहेर टांगायचा. एवढ्यावर आमचा अख्खा मे महिना निघतो. मुंबईत हीच वस्तू लावली तर खोलीत नुसता दमटपणा वाढेल. कारण पाणी थंड करतं ते वाफ होऊन जाताना, आणि वाफ व्हायला हवा कोरडी लागते. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा ४५ च्या घरात जातो, पण हवा इतकी कोरडी असते की थर्मामीटरच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलं, तर तोच पारा २३-२४ पर्यंत खाली येऊ शकतो. विदर्भाचा सगळा उन्हाळा या वीस अंशांच्या फरकावर जगतो, असं म्हटलं तरी चालेल.

ही युक्ती कुणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. अकबराच्या काळात वाळ्याच्या मुळ्या भरून बांबूच्या झोपड्या करत आणि त्यांवर पाणी मारत, असं अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त नोंदवून ठेवलं आहे. पुढे इंग्रज साहेबांच्या बंगल्यांच्या दारांत वाळ्याच्या ताट्या आल्या. त्यांवर पखालीने पाणी मारायला भिस्ती, आणि आत दोरी ओढायला पंखेवाला. एकोणिसाव्या शतकात 'थर्मँटिडोट' नावाचं एक धूडही निघालं. मोठी लाकडी पेटी, तिला ओल्या ताट्या, आत हाताने फिरवायचं पंख्याचं चाक. म्हणजे आपला कूलरच, फक्त मोटारीच्या जागी माणूस. तिकडे अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात १९३० च्या दशकात असे कूलर घरोघरी झाले, आणि वीज आल्यावर आपल्याकडेही. भिस्ती आणि पंखेवाला मात्र कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. साहेब आत गार आणि ते दोघं बाहेर उन्हात.

आता संगणकाकडे वळतो. त्याचीही गोष्ट पहिल्यापासून उष्णतेचीच आहे. १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिअॅकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज खायचा. ती सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडायची, म्हणून त्याला मोठमोठे पंखे लावलेले होते. १९८० मध्ये आयबीएमने ३०८१ हे यंत्र जाहीर केलं, त्यात चिपांच्या डोक्यावर थंड पाणी खेळवलं होतं. १९८५ चा क्रे-२ तर आतून थेट एका निष्क्रिय द्रवात बुडवलेला असायचा. घरगुती संगणकाला या भानगडी नव्हत्या. ३८६ वर साधी धातूची पट्टीही नसायची. मग पेंटियमवर पंखा आला, आणि २००४ साली पेंटियम ४ ची प्रेस्कॉट नावाची आवृत्ती आली, तिने शंभर वॅटचा आकडा ओलांडला. म्हणजे जुन्या पिवळ्या शंभरच्या बल्बएवढी उष्णता, तीही नखाएवढ्या सिलिकॉनवर!

त्याच वर्षी अॅपलने पॉवर मॅक जी५ मध्ये कारखान्यातूनच द्रवाचं शीतन दिलं. कोरियाच्या झालमन कंपनीचा एक निळा, पंखा नसलेला उभा मनोरा तेव्हा फार गाजला होता. दोनेक फूट उंच, पोटात अडीच लिटर पाणी. तो संगणकाशेजारी उभा करायचा आणि पंखा विसरायचा. हौशी मंडळी तर त्याआधीपासून गाडीच्या हीटरचा रेडिएटर आणि मत्स्यालयाचा पंप जोडून घरीच असं काहीतरी करत. पाणीच का? तर तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं, तर शंभर वॅट पोटात घेऊनही ते दीड अंशसुद्धा तापत नाही.

मला हे सगळं शोधावं लागलं ते आजीमुळे. २००६ च्या मे महिन्यात मी तिच्या आठवणी संगणकावर ध्वनिमुद्रित करत होतो. तिचं माहेर तलावाच्या गावातलं. तलाव कसा उपसायचे, पाळ कशी चोपायचे, कुणाच्या बांधीला पाणी आधी मिळायचं, हे सांगू शकणारी आमच्या घरात ती एकटीच उरली होती. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अगदी बारीक, आणि बोलायची लहर दुपारी जेवण झाल्यावरच. कूलर चालू ठेवला तर मुद्रणात फक्त कूलर. तो बंद केला तर खोली चाळिशीच्या वर, मग संगणकाचा पंखा जिवाच्या आकांताने फिरायचा, आणि मुद्रणात फक्त तो पंखा. त्यात भारनियमनाच्या वेळा सांभाळायच्या त्या वेगळ्याच.

परदेशी नमुने इथे कामाचे नव्हते. रेडिएटर कितीही मोठा घ्या, त्यातलं पाणी भोवतालच्या हवेपेक्षा गार होत नाही. लंडनची २० अंशांची खोली आणि आमची ४२ ची, यात तेवढा फरक पडणारच. मला हवेपेक्षा गार पाणी हवं होतं, तेही पंख्याच्या आवाजाशिवाय. आणि तसं पाणी तर घरात होतंच की. रांजणात!

भंडारा पितळी भांड्यांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध, त्यामुळे तांब्याचा जाड तुकडा मिळायला अडचण आली नाही. लेथवाल्याने तो आरशासारखा सपाट करून दिला. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी आणली. थोडी त्या तुकड्यावर झाळून घेतली, उरलेली आठेक मीटर वेटोळं करून रांजणात सोडली. मधे एक बरणी, तिच्यात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणि मत्स्यालयाचा पंप. आमच्या विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर कूलरच्या जाळीवर सगळ्यांनी पाहिला आहे, म्हणून नळीतलं पाणी वेगळं आणि रांजणातलं वेगळं. अॅल्युमिनियम मुद्दाम कुठेच वापरलं नाही, तांब्याबरोबर एकाच पाण्यात ते कुरतडलं जातं. नळ्या भिंतीतल्या भोकातून बाहेर काढल्या. पडवीच्या सावलीत रांजण, त्याला ओलं गोणपाट, खाली ओली वाळू. बस्स.

बाहेर ४५ असताना रांजणातलं पाणी तीसच्या आसपास राहायचं. मोठ्या रांजणात साठेक लिटर पाणी मावतं. ते अजिबात झिरपलं नाही असं धरलं, तरी शंभर वॅटने तासाला दीड अंशापेक्षा कमीच तापेल. दोन तासांच्या बैठकीला भरपूर झालं. वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा तेवढा राहिला, पण तो मंद होता, त्यावर उशी-चादरींची भिंत पुरली. आजीने हे सगळं हातपंखा हलवत पाहिलं आणि विचारलं, "त्याले बी गरमी होते का रे?" हा प्रश्नही मुद्रणात आला आहे. :)

पुढे चिपा कमी तापू लागल्या, लॅपटॉप आले, आणि आता तर खिशातला फोन पंख्याशिवाय याहून चांगलं मुद्रण करतो. घरातल्या पाण्याच्या नळ्यांची गरज आता हौशी लोकांपुरती राहिली. पण मोठी यंत्रं मात्र पुन्हा पाण्याकडेच वळली. म्युनिकजवळचा सुपरएमयूसी २०१२ मध्ये कोमट पाण्यावर चालू लागला. आपल्या पुण्यात आयसर संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकातही २०१९ पासून द्रव थेट चिपांवरच्या पट्ट्यांतून फिरवला जातो. नवी मुंबईत तर डेटा सेंटरच्या इमारतींची रांगच आहे.

इथे रांजणाचं गणित पुन्हा करून बघावंसं वाटतं. शंभर वॅट उष्णता केवळ वाफेवाटे घालवायची तर तासाला दीडशे मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे एक पेला. आजीच्या एका बैठकीला दोन पेले. त्याची काय मोजदाद! पण हाच हिशेब एका मेगावॅटला लावा. तासाला दीड हजार लिटर, दिवसाला छत्तीस हजार. सगळीच केंद्रं वाफेवर चालत नाहीत हे खरं, पण जी चालतात तिथे पाणी खरोखरच उडून जातं. ते परत नळाला येत नाही. उष्णता नाहीशी झालेली नसते, आपण ती फक्त भिंतीपलीकडे नेऊन ठेवलेली असते. आणि भिंतीपलीकडे कुणीतरी राहत असतं, पूर्वी भिस्ती राहत होता तसं.

आजीच्या मुद्रणात नेमकं याचंच बोलणं जास्त आहे. आमच्या भागातले तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधत आणले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ कुणी काढायचा हा प्रश्न मागे राहिला. आजी सांगते, पाण्याची पाळी तलाव भरलेला असतानाच ठरायची, आटल्यावर नाही. आटल्यावर ठरवायला बसलं की भांडणंच होतात, असं तिचं म्हणणं.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकूण अकरा तास मुद्रण झालं आहे, सीडीवरून सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आहे. भाचे-पुतण्यांपैकी ज्यांना हवं असेल त्यांनी दिवाळीला येताना पेन ड्राइव्ह आणावा. रांजणाला एक बारीक चीर गेली आहे, पण त्यात तुळस छान येते.